'फिल्म कूलिंग'चा लेप कुणी केला?

दारव्ह्याहून एका आयटीआय विद्यार्थ्याने विचारले आहे: गॅस टर्बाइनच्या पात्यांच्या 'फिल्म कूलिंग'ला 'लेपशीतन' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. शिकवणीच्या टिपणांत हा 'लेप' दिसला की डोक्यात तिडीक जाते. लेप लावतात, तो वाळतो, चिकटून बसतो. पात्यावर असा लेपही असतो, झिर्कोनिया या उष्णतारोधक सिरॅमिकचा, पण ती वेगळी गोष्ट. उलट तो देताना पात्यातली हवेची भोके बुजली तर थंडावाच संपतो. इथली फिल्म हवेची आहे. कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा पात्याच्या पोकळीतून येते, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांतून बाहेर पडते आणि पृष्ठभागाला घासून वाहत राहते. ही हवासुद्धा कित्येकदा 600 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण बाहेरचा वायू 1500 च्या पुढे आणि पात्याचा निकेलचा मिश्रधातू 1300 च्या आसपास वितळायला लागतो, तेव्हा तीच गार. भोके पृष्ठभागाशी 30-35 अंशांत तिरपी पाडतात, कारण सरळ पाडली तर झोत उसळतो. हवेचा जोर वाढवला तरी तेच होते: झोत पृष्ठभाग सोडतो, त्याच्याखाली तापलेला वायू शिरतो आणि जास्त हवा देऊनही पाते जास्त तापते. म्हणून भोकाचे तोंड बाहेरच्या बाजूला रुंद करतात. वेग उतरतो, हवा पसरते.

परिभाषावाले 'पटल' सुचवतील. तेही नको. दृष्टिपटल घ्या, सभागृहाचे पटल घ्या, मराठीतले पटल जागचे हलत नाही. हा थर क्षणोक्षणी वाहून जातो आणि नवा येतो.

त्यापेक्षा 'पातळ' बघा! संस्कृत 'पत्रल', प्राकृत 'पत्तल', मराठी 'पातळ': पानासारखे ते पातळ. आणि 'पाते'ही 'पत्र'वरूनच. पाते आणि त्यावरचा पातळ थर, दोघे एकाच घरचे! 'पत्र' म्हणजे मुळात पंख, 'पत्' म्हणजे उडणे; विमानाच्या इंजिनातल्या पात्याला याहून चांगले कूळ कुठले मिळणार? आपल्याकडे कपाशीला लागते ते पातेही याच कुळातले, हे माझे ठाम मत. त्या कळीला तीन पानांसारखी छदे वेढून असतात, नाव त्यांच्यावरून पडले. 'पडते ते पाते' ही व्युत्पत्ती मला अजिबात मान्य नाही. पडण्यासाठी आपण 'पातेगळ' हा वेगळा शब्द ठेवला आहे, आणि 'पाते लागले' म्हणतो ते झाडावर असलेल्यालाच.

तर 'थरशीतन' लिहा, हवे तर 'पातळथर शीतन'. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांतल्या पात्यांना मात्र हा शब्द लावू नका. तिथली टर्बाइन वाफेवर चालतात, वाफ 540 ते 600 अंशांची, आणि त्या पात्यांना अशी भोके नसतात.