ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पगाराचे पैसे गेले. आता काय करायचं?

भावाने ओटीपी कुणाला दिला नाही, तरी रात्रीत खातं रिकामं झालं आणि शाखेत ‘चूक तुमचीच’ असं ऐकावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्यावर विश्वास ठेवा. ओटीपी तोंडाने सांगावा लागतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली, की प्रत्येक ओटीपी थेट चोराकडे जातो.

म्हणून आधी तो फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक हाताशी असू द्या. बहुतेक जण शाखा उघडायची वाट पाहतात आणि तेच तास महागात पडतात. पैसे कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. एटीएममधून निघाले की माग काढणं फार अवघड.

बँकेला तक्रार लेखी द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातलेल्या नियमानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं दायित्व शून्य. बँक एपीकेकडे बोट दाखवून निष्काळजीपणा म्हणेल. पण तो सिद्ध करायची जबाबदारी बँकेचीच आहे, हे तक्रारीत जरूर लिहा. शिवाय कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते बँकेने सोसायचे. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

फोनमध्ये अशी फाइल सापडलीच नाही, तर पासबुकात ‘एईपीएस’ (आधारवरून पैसे काढायची सोय) अशी नोंद शोधा. तिथे आधार क्रमांक आणि अंगठा पुरतो, ओटीपी लागत नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा. रेशनला अंगठा लावण्याआधी मात्र ते तात्पुरतं उघडावं लागतं, नाहीतर धान्य न घेताच परतावं लागेल.

पुढे पगाराच्या खात्याला वेगळा नंबर जोडा आणि ते सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवा. तिथे एपीके चालत नाही. रोजच्या यूपीआयसाठी दुसरं खातं, त्यात आठवड्यापुरतेच पैसे.

आणि ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर तोही चोरच.