थोडं हळू ऐक

प्रिय मित्रा,

स्त्रीवादाची ओळख करून देणारं पुस्तक ऐकायला घेतलंस, हे बरं केलंस. दीडपट वेगाने ऐकतोयस, ते मात्र थांबव. एक तर निवेदिकेचा आवाज छान असला की न पटलेलंही पटल्यासारखं वाटतं, आणि त्यात वेग वाढवला की सनावळ्या कानावरून निघून जातात. या विषयात खरी मेख सनावळ्यांतच असते.

फ्रान्सचंच घे. तिथे १८४८ साली सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. स्त्रियांना मिळायला १९४४ उजाडलं. ब्रिटनने १९१८ मध्ये स्त्रियांना मत दिलं खरं, पण तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. पुरुषांची बरोबरी झाली ती १९२८ मध्ये. असं साल आलं की पुस्तक थांबव, कागदावर लिही आणि शेजारी नोंद कर: बाहेर कोण राहिलं?

हाच प्रश्न स्त्रीवादालाही विचार. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतला एक खटला तपासला. काळ्या स्त्रियांनी कंपनीवर भेदभावाचा दावा लावला होता. न्यायालय म्हणालं, कंपनीने स्त्रियांना नोकऱ्या दिल्यात, मग लिंगभेद कुठला? नोकऱ्या मिळालेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या! वर्ण वेगळा आणि लिंग वेगळं तपासलं की या बायका दोन्हीकडून निसटतात. हा भाग पुस्तकात आला तर दोनदा ऐक.

दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी आपल्यालाच झापतंय असं वाटलं, म्हणतोस. वाटू दे. मागे जाऊन नेमकं कुठलं वाक्य टोचलं ते शोध. बऱ्याचदा ते व्यवस्थेबद्दल असतं आणि आपण अंगावर ओढून घेतो. कधी वाक्यच ढिसाळ असतं; तसं असेल तर तसं म्हण, लेखिकेची भीड कशाला?

स्त्रीवादी चळवळीचे टप्पे पाडणाऱ्या ‘लाटां’च्या हिशेबावर मात्र फार विसंबू नकोस. पहिली, दुसरी, तिसरी ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे, पण ती मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या चळवळींवर बेतलेली. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा १८८२ चा मराठी निबंध त्यात कुठे बसतो, बघ जरा.

पुस्तक संपलं की भेट. येताना अजिबात न पटलेलं एक प्रकरण निवडून आण, त्यावर बोलू.