पाळी थांबली, म्हणजे दिवस गेले का?

गर्भनिरोधक इंजेक्शन सुरू केल्यावर पाळी आली नाही, तर दिवस गेले असतील का, हा प्रश्न मुंबईतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जवळजवळ दर आठवड्याला येतो. मानखुर्दच्या एका तिशीतल्या बाईंनी तर टेबलावर दिनदर्शिकाच पसरली. पाळीच्या तारखांभोवती लाल गोल होते. शेवटचे दोन महिने कोरे होते. पर्समधल्या कागदाच्या घडीत घरी केलेल्या दोन चाचण्यांच्या पट्ट्या होत्या आणि दोन्हींवर एकच रेघ होती.

"दिवस गेलेले नाहीत हे कळतंय ताई, पण झोप लागत नाही."

तिसऱ्या भेटीत मी एवढेच विचारले, "पाळीचं रक्त जातं कुठे, असं तुम्हाला वाटतं?" पदराचे टोक पिळत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, आत साठतं, गाठ होते."

ही भीती कोणत्या पट्टीवर दिसणार होती? सरकारी दवाखान्यांत 2017 पासून 'अंतरा' नावाने मोफत मिळणाऱ्या या इंजेक्शनमुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, हे मी कागदावर चित्र काढून सांगितले. त्या चित्राकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे साचलंच नाही, तर निचरा कशाचा?" माणसाला पटते ते त्याच्याच शब्दांत, असे मी मानते; म्हणूनच त्या क्षणी मध्ये बोलले नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

हे सारे इंजेक्शन टोचण्यापूर्वीच सांगायला हवे. सुरुवातीला अवेळी डाग पडतात आणि वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या साधारण निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते. पहिला डोस पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतला असेल, तर संरक्षण लगेच मिळते. नंतर घेतला असेल, तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा. त्यात चूक झाली असेल, तर त्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करावी. इंजेक्शनमुळे तिचा निकाल बिघडत नाही. दर तीन महिन्यांचा डोस चार आठवड्यांहून अधिक लांबला, पोटात तीव्र दुखू लागले किंवा रक्तस्राव फार झाला, तर मात्र डॉक्टरांकडेच जावे. पुढे मूल हवे असेल, तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बहुधा सात ते दहा महिने लागतात, हेही आधीच ठाऊक असावे.

निघताना त्यांनी माझे पेन मागून घेतले, पुढच्या डोसच्या तारखेला गोल केला आणि सासूबाईंना काय सांगायचे ते मला एकदा म्हणून दाखवले.