बडोद्यातल्या वाड्याच्या माळ्यावरच्या पेट्या: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दांडिया बाजारातला वाडा पाडून तिथे इमारत होणार, माळ्यावर पत्र्याच्या चार पेट्या निघाल्या, त्यांत मोडी कागद, हिशेबाच्या वह्या आणि फोटो आहेत, घरात ऐंशी ओलांडलेली दोन माणसं आहेत. यातून गल्लीतल्या मराठी घरांचा इतिहास जपायचा तर हात कुठून घालायचा?

आधी त्या दोन माणसांजवळ बसा. शंभर वर्षं टिकलेला कागद आणखी चार महिने टिकेल. फोटोतल्या चेहऱ्यांची नावं मात्र कुठल्याच दफ्तरात मिळत नाहीत. म्हणून पेट्यांतले फोटो तेवढे बाहेर काढा (कुठल्या पेटीतला कुठला, ते टिपून) आणि एका बैठकीला पंधरा-वीसच दाखवा. पाऊण तासापलीकडे ताणू नका. थकलेलं माणूस "असेल कोणीतरी, बहुतेक नाना" म्हणायला लागतं आणि तो "बहुतेक" वहीत उतरताना गळून पडतो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या घरघरीत शब्दांची शेवटची अक्षरं बुडतात, ती मागाहून काढता येत नाहीत. तारीख, जागा, पूर्ण नाव आणि "रेकॉर्ड करायला माझी हरकत नाही" हे वाक्य सुरुवातीलाच त्यांच्याच आवाजात घ्या.

"जुन्या काळाबद्दल सांगा" म्हटलंत तर सयाजीराव महाराज फार शिस्तीचे होते, एवढंच हाती लागतं. वस्तू विचारा, वाटा विचारा. पाणी कुठून भरायचात, शाळेत कुठल्या गल्लीतून जायचात, खालच्या खोल्यांत भाडेकरू कोण, वाड्यातला गणपती कुठे नेत? नावाच्या बाबतीत हट्ट धरा. "ही माई" पुरत नाही. कोणाची माई, सासरचं नाव काय, माहेरचं आडनाव आणि गाव कोणतं, हे सगळं हवं. बायकांची माहेरं टिपली नाहीत तर वंशावळ पुरुषांच्या नावांची नुसती काठी होते. बोलण्यात गुजराती शब्द आला तर तसाच लिहा. तो "सुधारलात" तर बडोद्याचं मराठीच पुसलं जाईल. साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेला बांधून विचारा. संस्थान विलीन झालं १ मे १९४९ ला, गुजरात वेगळा झाला १ मे १९६० ला, १९६५ च्या लढाईतले ब्लॅकआउट बहुतेकांना आठवतात. "त्याच्या आधी की नंतर?" या प्रश्नाला माणूस बरंच नेमकं उत्तर देतं.

कळलेलं नाव फोटोच्या पाठीवर, कडेला, २बी पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई खालच्या फोटोला लागते. रंगीत फोटोच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही. तिथे कागदी पाकिटावर आधी लिहा, मग फोटो आत घाला. अल्बमला किंवा काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, आहे तसाच स्कॅन करा.

आता पेट्या. सगळ्यात जास्त नुकसान उत्साहाने होतं: सगळं सतरंजीवर पसरायचं आणि "जमिनीचे इकडे, लग्नाचे तिकडे" अशी वर्गवारी करायची. कागद कशाशेजारी सापडला, ही त्याची निम्मी ओळख असते. बिननावाची पावती एखाद्या पागेच्या हिशेबाच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या पुडक्यात, असेल तर ती कोणाची ते कळतं. बाहेर काढून ढिगात टाकलीत की ती कायमची मुकी झाली. म्हणून झाकण उघडल्यावर आधी वरून फोटो, मग एकेक थर उचलताना फोटो. प्रत्येक रुमाल आहे त्याच क्रमाने ठेवा. पेटी १, रुमाल ३, कागद १७ असेल तर त्याचा क्रमांक १-३-१७. तोच क्रमांक पाकिटावर, तोच स्कॅनच्या फाइलला, तोच जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत. वहीत लांबी-रुंदी, लिपी, कागदावर लिहिलेली मिती (जुन्या कालगणनेतली तारीख) जशीच्या तशी, इसवी सन वेगळ्या रकान्यात, आलेली नावं आणि कागदाची अवस्था. मूळ मिती न लिहिता नुसतं इसवी सन लिहिलं तर पुढे चूक कोणालाच पकडता येत नाही.

सफाई पावसाळ्यात नको. दसऱ्यानंतर कोरडी हवा पडली की सावलीत, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. बुरशी ओली असेल तर आधी वाळू द्या, नाहीतर ती कागदात घासली जाते. ओलं फडकं अजिबात लावू नका. काजळाची शाई उन्हाने उडत नाही, पण डिंकात घोटलेली असल्यामुळे पाण्याने पसरते. लोहाची शाई उलट कागदच खात जाते, अक्षराच्या जागी भोक पडतं. असा कागद पुन्हा पुन्हा दुमडू नका. गंजलेली टाचणी उपसू नका. तिच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि टाचणी वर उचलून सोडवा. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर कोणी फुकट करून दिलं तरी नको: उष्णतेने प्लॅस्टिक तंतूंत बसतं, ते परत निघत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडून तुटतो. बांधायला मांजरपाट घ्या, पण दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण कसर त्या खळीवरच येते. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी थांबत नाही. पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून अर्धा-अर्धा फूट लांब ठेवली तर वाळवीचा माग निदान डोळ्यांना दिसतो.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. कागद ३०० डीपीआय, फोटो ६००, रंगीतच, मूळ फाइल टिफमध्ये. कोरी असली तरी पाठीमागची बाजूही घ्या. तीन प्रती करा आणि त्यांतली एक बडोद्याबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.

मोडीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळे अडतात. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि अक्षरं तिला लोंबकळत जायची. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. सुरुवात मजकुरापासून करू नका, ठरावीक मायन्यांपासून करा: "राजश्री", "विनंती उपरी", "बहुत काय लिहिणे". हे शब्द माहीत असल्यामुळे त्या हाताची अक्षरं ओळखीची होतात आणि मग मधला मजकूर सुटायला लागतो. हिशेबात "५॥" म्हणजे साडेपाच, "५।" म्हणजे सव्वापाच, "५॥।" म्हणजे पावणेसहा. हे दंड एकचे आकडे समजून पाचशे अकरा वाचलेले तक्ते दिसतात आणि मग घराणं एकदम श्रीमंत होतं. रुपया बडोदा संस्थानचा बाबाशाही की इंग्रज सरकारचा कलदार, हेही पाहा. दोघांची किंमत एक नव्हती.

मितीत तर तिहेरी गोंधळ आहे. शके असेल तर ७८ मिळवा. महिना पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर साधारण ७९. गुजराती हातच्या वहीत विक्रम संवत असतो आणि तो इथे चैत्रात बदलत नाही, कार्तिकात बदलतो. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, पुढे आश्विनापर्यंत ५६. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत चालणारी तिसरी कालगणना, अरबी शब्दांत येतो. "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे ४, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७४. त्यात ५९९ मिळवले की १७७३, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने कागद १७७३-७४ मधला. "छ" च्या पुढे मुसलमानी महिन्याची तारीख असते. "पै॥" च्या पुढची मिती कागद पोहोचल्याची असते, लिहिल्याची नव्हे. दोन्ही असतील तर दोन्ही टिपा, अंतरावरून कागद किती लांबून आला तेही कळतं. संस्थानाच्या छापील अहवालांचं वर्ष ३१ जुलैला संपायचं, तेव्हा "१९१०-११" मधली बढती एप्रिल-मार्चच्या हिशेबात बसवू नका.

"आम्ही पिलाजीरावांबरोबर आलो" (म्हणजे गायकवाड घराण्याच्या मूळ पुरुषांपैकी पिलाजीराव गायकवाडांबरोबर) हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येईल. ते लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावाने लिहा, पण वंशावळीच्या डोक्यावर चढवू नका. पिलाजीराव १७३२ मध्ये डाकोरला मारले गेले. बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं १७३४ मध्ये, दमाजीरावांच्या वेळी. आणि कारकून, मास्तर, वकील, वैद्य अशी कितीतरी घरं १८७५ मध्ये सयाजीराव गादीवर आल्यानंतर नव्या राज्यकारभाराबरोबर आली. त्यात कमीपणा काही नाही. पेशवाईतली म्हणून जपलेली सनद उजेडासमोर धरा. विलायती कागदात गिरणीचा जलछाप (उजेडात दिसणारी कागदातलीच खूण) असतो, पुष्कळदा सालासकट. मिती १७६० ची आणि जलछाप १८४० च्या आसपासचा असेल तर ती नक्कल आहे. इनामांच्या चौकशीत अशा नकला भरपूर झाल्या. नक्कलही मोलाची, फक्त वहीत "असल" लिहू नका.

घरचं आटोपलं की बाहेर. संस्थानचं दफ्तर कोठीच्या परिसरातल्या सरकारी दफ्तरखान्यात आहे, पण तिथे आडनाव घेऊन गेलात तर रिकामे परत याल. खातं, तालुका आणि साल घेऊन जा, म्हणजे वरची नोंदवही आधी तयार हवी. नेमणुका-बदल्यांसाठी राज्याची "आज्ञापत्रिका", म्हणजे संस्थानचं सरकारी गॅझेट, विचारा. आलेलं मूळ गाव कळलं की नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहा. तिथे गाव आणि आडनावावरून पूर्वजांच्या स्वहस्ताक्षरातल्या नोंदी मिळू शकतात.

वाडा पाडायची तारीख ठरली असेल तर एक पूर्ण दिवस त्यालाच द्या. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आणि त्यातली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तुमच्या वाड्याला फक्त तुम्ही आहात. तीस मीटरची टेप आणि दोन माणसं घ्या. प्रत्येक मजल्याचा हातनकाशा काढा, खण मोजा, जिना, चौक, देवघर, विहीर दाखवा आणि आजीला विचारून प्रत्येक खोलीचं घरातलं नाव लिहा. माजघर, बाळंतिणीची खोली, ओसरी ही नावं बिल्डरच्या नकाशात येणार नाहीत.

नव्या घरात पेट्या तळमजल्यावर नकोत. विश्वामित्रीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये कुठवर आलं ते शेजाऱ्यांना विचारून वरची जागा ठरवा. तरीही भिजलंच तर ४८ तासांच्या आत हालचाल करा, नंतर बुरशी धरते. कागद उलगडत बसू नका. थोडे असतील तर पंख्याखाली, छपाई नसलेल्या कागदावर, दर काही तासांनी खालचा कागद बदलत वाळवा. जास्त असतील तर मूठ-मूठभर गठ्ठे बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीने एकेक काढा. काचेची निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालायची नाही.

शेवटी कुठल्या ग्रंथालयाला प्रती दिल्यात तर सोबत सहीचं पत्र द्या: मूळ कोणाकडे राहणार, छापायला कोणाची परवानगी लागेल, आणि दत्तकाचे, कर्जाचे, भाऊबंदकीचे कोणते क्रमांक हयात माणसांसाठी किती वर्षं बंद ठेवायचे. हे क्रमांक शेजारच्या घरांचे असतील तर त्यांना आधी विचारा, कारण पुढची पेटी त्यांच्याच माळ्यावर आहे.