गरोदरपणात सुरमई खावी की नाही? माशांत खरंच पारा असतो का?

तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालू आहे, माहेर मालवणकडचं, घरात आठवड्यातून तीन-चारदा मासे होतात. आणि कुणीतरी "माशांत पारा असतो, बाळंतपणापर्यंत बंद कर" असं सांगितल्यापासून सुरमईचा घास घशाखाली उतरत नाही. निर्यातीच्या मासळीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितेय. मासे बंद करू नका. कोणते खायचे ते बदला.

पारा असतो, यात खोटं काही नाही. कोळसा जाळल्याने, सोन्याच्या छोट्या खाणींतून, कारखान्यांतून तो हवेत आणि पाण्यात येतो. तळच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथिल मर्क्युरी करतात, म्हणजे शरीरात साठणारं पाऱ्याचं विषारी रूप. ते आधी सूक्ष्म वनस्पतींत जातं, त्या खाणाऱ्या किड्या-कोळंबीत, मग लहान माशांत आणि लहानांना गिळणाऱ्या मोठ्यांत. प्रत्येक पायरीला ते साठत जातं, कारण शरीर ते फार सावकाश बाहेर टाकतं. त्यामुळे मासा जितका मोठा, जितका वयाने जास्त आणि जितका शिकारी, तितका पारा अधिक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आकड्यांत तारलीच्या वर्गातल्या माशांची सरासरी 0.013 पीपीएम (म्हणजे एका किलो माशात तितके मिलिग्रॅम पारा) आहे आणि शार्कची 0.979. जवळजवळ 75 पट फरक. दोघांनाही आपण 'मासा'च म्हणतो, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये, पोटातल्या बाळाचा विचार करून, मिथिल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅमवर आणली. 60 किलो वजनाच्या बाईला आठवड्याला 96 मायक्रोग्रॅम. मोठ्या शार्कची 100 ग्रॅमची एक फोड खाल्ली की आठवड्याचा हिशोब संपला. तारली खाऊन तिथे पोचायचं तर सात किलोंहून जास्त खावी लागेल.

आता सुरमई. अमेरिकेच्या 'गरोदर बायकांनी टाळा' यादीत जो किंग मॅकरेल आहे, तो अटलांटिकमधला. आपल्या सुरमईचा भाऊबंद, पण जात वेगळी. म्हणून त्याचा 0.73 हा आकडा सुरमईला जसाच्या तसा चिकटवू नका. पण राहणी तीच, दुसऱ्या माशांवर जगणारी. बाजारात आठ-दहा किलोची सुरमई कापून तिच्या ताटभर रुंद तुकड्या विकायला ठेवतात ना, त्या मूल अंगावरचं पिणं सोडेपर्यंत घेऊ नका. अख्खी लहान सुरमई कधीतरी घेतलीत तर घाबरण्यासारखं काही नाही.

मोरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मला सांगायलाच हवं. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम मोरी करून घालतात. माझ्या आजीनेही घातली, प्रेमानेच. पण मोरी म्हणजे शार्क. हातभर लांबीच्या लहान जातींत पारा मोठ्या शार्कइतका नसतो, हे खरं. पण फोडी करून विकायला ठेवलेली मोरी केवढ्या माशाची होती ते कुणी सांगू शकत नाही. सुकवलेल्या मोरीतलं तर पाणी गेलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात पारा जास्त. या वर्षी घरच्यांना समजावून ती टाळा.

धुऊन, मीठ-हळद लावून, चिंचेच्या कोळात ठेवून किंवा कातडी काढून पारा जात नाही. आम्ही नमुना घेताना कातडी आणि काटे काढूनच पाठीचं मांस घ्यायचो, ते वाटून एकजीव करायचो, त्यातलं अर्धा ग्रॅम नायट्रिक आम्लात विरघळवून यंत्राला द्यायचो. पारा त्या मांसातच असतो, प्रथिनांना चिकटलेला. तळलं की पाणी उडतं, पारा आहे तिथेच राहतो.

बाळाला एवढं का जपायचं, ते जपानमधल्या मिनामातात कळलं. तिथला चिस्सो कंपनीचा कारखाना 1932 पासून पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडत होता. 1956 मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी सांडपाणी 1968 पर्यंत चालूच राहिलं. आई आणि बाळामधली वार (प्लॅसेंटा) विष अडवते असं तेव्हा डॉक्टर मानत. पण आया जवळपास धडधाकट आणि पोरं मात्र मान न धरणारी, असं घरोघर दिसू लागलं. डॉ. मासाझुमी हारादा यांनी ते पोटात असतानाच झालेलं विष आहे हे दाखवून दिलं. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. त्या नाळा पुढे तपासल्या, तर त्यांत पारा सापडला. बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा पारा सुमारे 1.7 पट असतो, हे आज माहीत आहे. मिनामाताच्या माशांत तो आपल्या बाजारापेक्षा कितीतरी पट होता, तेव्हा त्या गोष्टीने झोप उडवून घेऊ नका.

पाऱ्याखेरीज दुसऱ्या धातूंचंही बघा. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून शिसं, कॅडमियमसारखे धातू त्यांच्यात साठतात. कारखान्यांजवळच्या खाडीतल्या नकोत. माकूळ (स्क्विड) साफ करताना आतली पिशवी आणि कलेजी पूर्ण काढा, कॅडमियम तिथे जास्त असतं.

मग खायचं काय? बांगडा, तारली, पेडवे, मांदेली, बोंबील, कोळंबी. गरोदरपणी कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम खावेत, असा अमेरिकी सल्ला आहे; म्हणजे दोन-तीन जेवणं. डब्यातला ट्यूना घ्यायचाच तर 'लाइट' लिहिलेला घ्या, अल्बाकोर ही ट्यूनाची जात नको.

आणि आतापर्यंत खाल्लेली सुरमई? मिथिल मर्क्युरी साधारण 50 दिवसांत शरीरातून निम्मं होतं. आज बदल केलात तर शेवटचे तीन महिने लागेपर्यंत बरंच उतरलेलं असेल. बाळाचा मेंदू तेव्हा झपाट्याने वाढत असतो आणि त्याला बांगड्या-तारलीतलं ओमेगा-3 हवं असतं.