स्पिटफायरचे मॉडेल जोडताना : वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक किटविषयी वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक एकाच विमानाबद्दल आहेत : ब्रिटनचे स्पिटफायर मार्क १ (म्हणजे त्याची पहिली आवृत्ती), प्रमाण १/७२. म्हणून या वेळची सगळी उत्तरे त्याच विमानापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : हे माझे पहिलेच किट आहे. माहितीपत्रकातील सुरुवातीच्या सगळ्या पायऱ्या कॉकपिटच्याच आहेत. संपूर्ण विमान जोडून घेऊन शेवटी एकदमच रंगवले तर चालणार नाही का? आणि १/७२ या प्रमाणाचा प्रत्यक्ष कामाशी काही संबंध येतो का, की तो फक्त आकार सांगण्यापुरताच असतो?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयाला तो उपयोगी पडणार आहे. १/७२ म्हणजे खऱ्या विमानावरचे सहा फूट मॉडेलवर बरोबर एक इंच. मार्क १ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर होती. त्यामुळे आपले मॉडेल साधारण १५.६ सेंटीमीटर रुंद आणि १२.७ सेंटीमीटर लांब होईल. एअरफिक्स या किट बनवणाऱ्या कंपनीने १९५३ साली आपले पहिले विमानाचे किट काढले, तेही याच प्रमाणातले स्पिटफायर होते. पण खरा उपयोग उलट दिशेने होतो. मॉडेलवर जे काही कराल ते बहात्तरने गुणून पाहा. ब्रशने एकावर एक चढवलेल्या रंगाची जाडी एक दशांश मिलिमीटर झाली, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा लेप झाला असता. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर ती खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दीड इंचाची फळी ठरते. स्पिटफायरचा पंख तर त्याच्या पातळपणासाठी आणि लंबवर्तुळाकार रेषेसाठी ओळखला जातो. म्हणून पंखाचे वरचे व खालचे अर्धे चिकटवण्यापूर्वी दोन्हींची मागची कड आतल्या बाजूने घासून पातळ करून घ्यावी. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण त्यामुळे मॉडेलची सगळी चण बदलते.

आता कॉकपिट. धडाचे दोन अर्धे एकदा चिकटले की आत जाण्यासाठी जेमतेम बोटाच्या पेराएवढी जागा उरते, आणि तेवढ्यातून आसन, नियंत्रणदांडा आणि बाजूच्या भिंती रंगवणे अशक्य असते. आतला करडा-हिरवा रंग, मानदर्शकांचा काळा फलक आणि आसनावरचे पट्टे हे सगळे धड बंद करण्यापूर्वीच पूर्ण करावे. सुटे भाग स्प्रूवर (ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच रंगवले तरी हरकत नाही. मात्र जिथे जोड येणार आहे तिथला रंग खरवडून काढावा लागतो. पॉलिस्टायरिनचे सिमेंट फेविकॉलसारखे चिकटत नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळते, आणि मध्ये रंग असला तर ते प्लॅस्टिकपर्यंत पोहोचतच नाही. असा जोड आज घट्ट वाटतो आणि पुढे हाताळताना सुटतो.

प्रश्न : पंख धडाला बसवल्यावर दोन्ही बाजूंना फट राहिली. पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, तरी आठवड्याने तिथे खाच दिसू लागली. शिवाय पंखाच्या मुळाशी असलेला उठाव घासला जाऊन सपाट झाला. काय चुकले?

उत्तर : पुट्टी सुकताना आकसते, म्हणून खाच पडली. पण मूळ चूक त्याच्या आधीची आहे. फट पुट्टीने बुजवण्याऐवजी ती पडणारच नाही अशी जुळणी करावी लागते, आणि त्यासाठी सिमेंट लावण्यापूर्वी सगळे भाग नुसतेच बसवून पाहणे हा एकच मार्ग आहे. धड टेपने बंद करा, पंख टेपने लावा आणि उजेडासमोर धरा. फट सगळीकडे सारखी असेल, तर बहुधा धडच अरुंद आहे. अशा वेळी स्प्रूचा एक तुकडा मोजून कापावा आणि पंखाच्या मुळाशी येईल असा धडाच्या आत आडवा बसवावा. त्याने धड किंचित रुंदावते आणि फट आपोआप मिटते. हा तुकडा विमान पुरे झाल्यावर कोणाला दिसत नाही, पण पुट्टीचे निम्मे काम तो वाचवतो. फट फक्त एका टोकाला असेल, तर स्प्रूपासून भाग कापताना राहिलेला बारीकसा उंचवटा कुठेतरी अडत असतो. तो शोधून घासावा.

पंखांचा वर जाणारा कोन तपासायलाही हीच वेळ योग्य असते. समोरून पाहिल्यावर दोन्ही पंखांची टोके टेबलापासून सारख्या उंचीवर हवीत. सिमेंट ओले असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून ताणलेली टेप लावून ठेवली, तर कोन टिकतो आणि मुळाशी असलेली फटही दाबली जाते. किमान एक रात्र ती टेप काढू नये.

उठाव सपाट झाल्याचे वाचून मात्र वाईट वाटले, कारण पंख जिथे धडाला मिळतो तिथला तो वळणदार पत्रा हे या विमानाचे एक सुंदर अंग आहे. तिथे थोडी फट उरलीच, तर फक्त फटीपुरती पुट्टी भरून ती ओली असतानाच ओलसर कापसाच्या काडीने पुसून घ्यावी, म्हणजे घासण्याची गरजच पडत नाही. मात्र त्यासाठी पाण्यात विरघळणारी पुट्टी हवी. आणि त्या पत्र्याच्या कडेची रेषा खऱ्या विमानावरही आहे, हे लक्षात ठेवावे. तिथली प्रत्येक रेषा बुजवायची नसते.

प्रश्न : माझ्या किटमधील डेकल्स (पाण्यात भिजवून लावायची चिन्हांची चित्रे) सप्टेंबर १९४० च्या विमानाची आहेत. संदर्भासाठी तीन चित्रे जमवली. एकात पोटाचा अर्धा भाग काळा व अर्धा पांढरा आहे, दुसऱ्यात पोट फिकट हिरवट आहे, तिसऱ्यात शेपटीपुढे त्याच फिकट रंगाचा पट्टा असून स्पिनरही (नाकावरच्या पंख्याच्या मध्यावरची टोपी) तसाच आहे. यांपैकी बरोबर कोणते?

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, फक्त ती एकाच महिन्यातली नाहीत. युद्धकाळातील विमानाचा रंग ठरवताना आधी तारीख ठरवावी लागते, असे मी सगळ्यांना सांगत असतो, आणि आपल्या पत्रातून ते नेमके दिसते.

वरचा भाग या काळात गडद तपकिरी आणि गडद हिरवा होता, तो तिन्ही चित्रांत सारखाच असणार. खालचा भाग बदलत गेला. युद्धाच्या सुरुवातीला जमिनीवरून आपले विमान ओळखू यावे म्हणून पोट काळे-पांढरे रंगवत असत. जून १९४० मध्ये ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग लावण्याचे आदेश निघाले. तो सगळीकडे वेळेवर पोहोचला नाही आणि काही ठिकाणी असेल त्या रंगांतून मिश्रण केले गेले, त्यामुळे त्या उन्हाळ्यातल्या विमानांच्या पोटाच्या छटा निळसर ते हिरवट अशा वेगवेगळ्या होत्या. शेपटीपुढचा पट्टा आणि स्काय रंगाचा स्पिनर नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आला, म्हणजे १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या ब्रिटनच्या हवाई लढाईनंतर. आपले विमान सप्टेंबरचे असल्याने पट्टा लावू नये, स्पिनर काळा ठेवावा आणि पोट संपूर्ण स्काय रंगाचे करावे. आपल्या रंगाची छटा दुसऱ्याच्या मॉडेलपेक्षा किंचित वेगळी आली, तर काळजीचे काहीही कारण नाही. ऑगस्ट १९४१ नंतर वरच्या तपकिरीची जागा करड्या रंगाने घेतली, त्यामुळे तशी चित्रे बाजूलाच ठेवावीत.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मार्क १ च्या प्रत्येक पंखात चार, अशा आठ मशीनगन होत्या आणि त्यांची तोंडे पंखाच्या पुढच्या कडेला उघडत. उंचीवरच्या थंडीत त्या गोठू नयेत आणि आत धूळ जाऊ नये म्हणून त्या भोकांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवत. पहिल्या फैरीतच ते फाटत. म्हणजे ते तुकडे अखंड असतील, तर ते लावल्यापासून त्या विमानाने अजून गोळीबार केलेला नाही. अनेक जण लाल तुकडे नीटनेटके रंगवतात आणि पंखाच्या खाली बारुदाच्या काजळीचे ओरखडेही काढतात. या दोन्ही गोष्टी एकाच विमानावर एका वेळी सहसा दिसत नाहीत. काजळी दाखवायची असेल, तर तुकड्यांच्या जागी काळी भोके आणि कडेला लालसर चिंध्यांचा आभास दाखवावा.

पंख उलटा केलाच आहे, तर तिथेही पाहावे. मार्क १ ला उजव्या पंखाखाली पाण्याचा मोठा चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली लहान गोलसर तेलथंडावक असतो. पहिल्याच मॉडेलमध्ये मी विमान उलटे धरून डावे-उजवे ठरवले आणि दोन्ही अदलाबदल करून चिकटवले. तेव्हापासून हे भाग लावताना मी विमानाचे नाक माझ्या विरुद्ध दिशेला आणि पाठ वर ठेवूनच बाजू ठरवतो.

प्रश्न : डेकल सुकल्यावर त्याच्या कडेला चांदीसारखी चमक येते आणि पारदर्शक पापुद्रा दिसतो. डेकल जुने असते म्हणून हे होते का?

उत्तर : बहुतेक वेळा दोष डेकलचा नसतो, खालच्या पृष्ठभागाचा असतो. मॅट (चमक नसलेला) रंग जवळून पाहिला तर खडबडीत असतो. त्या खळग्यांत हवा अडकते आणि पापुद्र्याखालची ती हवाच चमकते. म्हणून डेकल लावण्यापूर्वी मॉडेलवर चकचकीत व्हार्निशचा पातळ थर द्यावा आणि तो एक दिवस वाळू द्यावा. डेकल कोमट पाण्यात काही सेकंदच बुडवून बाहेर ठेवावे, कागदावरून ते आपणहून सरकू लागले की मगच जागेवर न्यावे आणि मऊ ब्रशने मधून कडेकडे पाणी काढावे. त्यावर डेकल मऊ करणारे द्रावण लावल्यावर डेकलला भयानक सुरकुत्या पडतात. त्या वेळी हात लावू नये. अर्ध्या तासात ते ताणून पृष्ठभागावर बसते, आणि खोदलेल्या रेषांतही उतरते. आधीच चमक आलेल्या डेकलला बारीक सुईने टोचून त्या भोकांवर हेच द्रावण पुन्हा लावून पाहावे. बरेचदा फरक पडतो. सगळे वाळल्यावर मॅट व्हार्निश दिले की डेकल आणि रंग एकाच जातीचे दिसू लागतात.

प्रश्न : कॅनपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) बसवल्यावर ती आतून धुरकट झाली. पुसता येत नाही.

उत्तर : आपण सुपरग्लू वापरला असावा. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते. पांढरा, पाण्यात विरघळणारा गोंद वापरावा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चूक झाली तर ओल्या काडीने निघतो. ही कॅनपी मात्र काढूनच आतून पॉलिश करावी लागेल.

प्रश्न : कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीपर्यंतची रेडिओची तार कशी करावी? धागा फार जाड दिसतो.

उत्तर : आधी आपल्या विमानाला ती तार होती का, हे पाहावे. १९४० च्या उत्तरार्धात ज्या विमानांत व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ बसवला गेला, त्यांना तारेची गरज उरली नाही. खांब राहिला, तार गेली. आपल्या विमानाचे छायाचित्र मिळाले, तर निर्णय त्यावरून घ्यावा.

तार हवीच असेल, तर किटमधला उरलेला स्प्रू घ्या. त्याचा मधला भाग मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत धरा. प्लॅस्टिक चकाकून लवायला लागले की ज्योतीपासून दूर न्या, क्षणभर थांबा आणि मग दोन्ही हात एका गतीने बाजूला घ्या. घाईने ओढले तर तुटते, सावकाश ओढले तर जाड राहते. तीन-चार प्रयत्नांत केसाहून बारीक तंतू मिळतो. ०.०५ मिलिमीटरचा तंतू बहात्तरने गुणला, तर साडेतीन मिलिमीटरची तार होते, आणि ते पटण्यासारखे आहे. एक टोक पांढऱ्या गोंदाच्या थेंबाने शेपटीवर लावून पूर्ण वाळू द्या, दुसरे टोक खांबावर लावा. तंतू थोडा सैल राहिला, तर अगरबत्तीचे विझत आलेले टोक त्याच्याखाली दोन सेंटीमीटर अंतरावरून एकदाच न्या. तो आपोआप ताणला जातो. त्याहून जवळ नेऊ नये.