वय वाढल्यावर मायलिन, म्हणजे मज्जातंतूंभोवतीचं वेष्टन, नीट का भरून येत नाही? दोष पेशींचा की भोवतालच्या ऊतीचा?

बराचसा दोष ऊतीचा. मायलिन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी उतारवयातही मेंदूत असतात, पण भोवतालची ऊती कडक होत गेल्याने त्या सुस्तावतात. 2019 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांच्या अशा पेशी नवजात पिल्लांच्या मऊ मेंदूत सोडल्या, तर त्या पुन्हा जोमाने वाढू लागल्या. या पेशींमधलं दाब ओळखणारं पिएझो-1 हे प्रथिन काढून टाकल्यावर म्हाताऱ्या मेंदूतही त्यांची वाढ सुधारली. शिवाय तुटलेल्या मायलिनचा कचरा मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या सफाई करणाऱ्या पेशींनी वेळेवर उचलला नाही, तर तोच पूर्वपेशींना परिपक्व होऊ देत नाही (हा मुद्दा उगाच मागे पडतो). मात्र हे प्राण्यांवरचे प्रयोग. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या आजारात मज्जापेशीचा लांब धागा, म्हणजे अक्षतंतूच तुटला असेल, तर मायलिन गुंडाळणार कशाभोवती?